पढविलेला शब्द

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, नाहीतर आजोळी किंवा शेजारी, पोपटाचा पिंजरा टांगलेला तुम्ही पाहिला असेल. ओसरीच्या तुळईला लोखंडी आकडा, आकड्याला पिंजरा, पिंजऱ्यात एका बाजूला पाण्याची वाटी, दुसऱ्या बाजूला भिजलेली हरभऱ्याची डाळ आणि तारांत खोवलेली एक हिरवी मिरची. येणारा पाहुणा पायांवर पाणी घेऊन ओसरीवर येई आणि घरातल्या माणसांची विचारपूस करण्याआधी ‘काय मिठू?’ असे विचारी. पक्ष्याने उत्तर दिले की घरच्यांना कौतुक वाटे. अशा पिंजऱ्यात काही गैर आहे असे म्हणणारा माणूस माझ्या लहानपणी मला भेटला नाही. आता मी जे सांगणार आहे ते माझ्याच घरचे आहे. तेव्हा न्यायाधीशाच्या आसनावर बसून हा विषय मांडणे मला जमणार नाही.

माझे आजोळ वाईचे. वडिलांची बदली झाल्यामुळे दोन वर्षे मी आणि माझा धाकटा भाऊ तिथल्याच शाळेत होतो. सुरूरहून वाईकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी वडाची झाडे लागतात. वड फळांवर आले की एस.टी.च्या खिडकीतून पोपटांचे थवे दिसत. गाडीच्या आवाजाने ते एकदम उठत, डोक्यावरून कलकलाट करीत पलीकडच्या झाडावर जात, आणि त्या हिरव्या पानांत पुन्हा असे नाहीसे होत की एवढे पक्षी गेले कोठे असा प्रश्न पडावा. आश्चर्य हे की, झाडावरचे ते पोपट आणि आजीच्या ओसरीवरचा राघू हे एकाच जातीचे पक्षी आहेत, ही गोष्ट माझ्या मनात कधी आलीच नव्हती. ते पोपट रानाचे होते. राघू आमच्या घरचा होता, जसा पाटा-वरवंटा घरचा होता.

राघूला आजोबांनी कोणत्याशा यात्रेतून आणले होते. दरवर्षी त्याची पिसे झडून नवी आली की आजी दुपारच्या निवांत वेळी त्याला फडक्यात धरी आणि शिवणाच्या कात्रीने पंखांची लांब पिसे एका सरळ रेषेत कापी. ‘नखं कापल्यासारखंच आहे, दुखत नाही त्याला,’ असे ती आम्हांला सांगे. ते खरेही होते. पूर्ण वाढलेल्या पिसाला वेदना नसते. आजी मनाने अत्यंत मायाळू होती. स्वतःच्या पानातला पहिला घास ती राघूसाठी बाजूला काढी, आणि थंडीच्या रात्री पिंजऱ्यावर जुन्या लुगड्याची चौघडी टाकल्याशिवाय ती झोपत नसे. कात्री आणि चौघडी या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या होत्या. तेव्हा त्यात मला विसंगती दिसली नाही, आणि पुढे जेव्हा दिसू लागली तेव्हा ती नेमकी कशी सांगावी हे समजेना.

१९६९ सालच्या पंधरा ऑगस्टला आमच्या मुख्याध्यापकांनी झेंड्याखाली भाषण केले. पारतंत्र्य म्हणजे पिंजरा, मग तो सोन्याचा असला तरी काय, असे ते म्हणाले. मला दहावे वर्ष लागले होते आणि भाषणे मनावर घेण्याचे ते वय होते. घरी आल्यावर हातातला पेढा तोंडात टाकून मी आणि माझ्या भावाने राघूला स्वतंत्र करायचे ठरविले. आजी मागच्या अंगणात होती. आम्ही पिंजरा माडीवर नेला, गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि दार उघडले.

राघू बाहेर आला नाही. त्याने उघड्या दाराकडे एका डोळ्याने पाहिले, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले आणि दांडीवर आणखी आत सरकला. आम्ही मिरची दाखविली, टाळ्या वाजविल्या, पिंजरा तिरका केला. शेवटी भावाने हात घालून त्याला बाहेर काढले. बोट फोडून घेतले, पण सोडले नाही, आणि क्रिकेटचा चेंडू फेकावा तसे त्याला वर उडविले. राघूने पंख पसरले. कापलेल्या पंखांतून हवा निसटून गेली. तिरपा होत होत तो परसातल्या हौदामागे पडला. आम्ही खाली धावलो, पण तिथे लाकडांचा ढीग होता आणि सापडू नये म्हणून तो जिथे शिरला तिथून आम्हांला त्याला काढता आले नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज येत होता. ‘मिठू’ नव्हे, राघूच्या तोंडून पूर्वी कधी न ऐकलेला एक कर्कश आवाज. रात्री पाऊस लागला. सकाळी हौदाच्या कडेला हिरवी पिसे होती. वाड्यात मांजरे तीन होती. त्यांतल्या कोणत्या मांजराला दोष द्यावा?

आजी आम्हांला रागावली नाही. पिसे सुपात गोळा करता करता ती एवढेच म्हणाली, “त्याला उडता येत नव्हतं रे. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.” पुढे तो पिंजरा स्वयंपाकघरात गेला. रात्री दुधाचे पातेले मांजरांपासून राखायला तो फार सोयीचा ठरला.

ही हकिकत मी पुढे अनेकांना सांगितली आणि बहुतेक वेळा हसून सांगितली. भाबडी मुले, भाषण, पंधरा ऑगस्ट. गोष्ट म्हणून तिला आकार चांगला होता. तिच्यातला पक्षी मात्र मी फार उशिरा पाहिला.

तुम्ही मराठी साहित्याचे अभ्यासक आहात, म्हणून एक गोष्ट इथे आठवते. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो त्याचे नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकृतीवरून आलेले आहे, हे तुम्ही शिकला आहात. पण त्या कृतीतील कथा कोण सांगतो हे पाहा. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यात एक पोपट घेऊन येते. वैशंपायन हे त्याचे नाव. कथेचा फार मोठा भाग त्याच्या तोंडून येतो. आरंभी तो स्वतःची हकिकत सांगतो: विंध्याटवीतील एका प्रचंड शाल्मलीवर हजारो पोपटांची वस्ती, शबरांची शिकार, मागे रेंगाळलेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि ढोलीढोलीतून पिले काढून, माना मुरगाळून खाली टाकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्याला पंखांखाली झाकून घेतो आणि मारला जातो. पिलू वाळलेल्या पाचोळ्यात पडते म्हणून वाचते, आणि तहानेने व्याकूळ होऊन, पंख न फुटलेल्या अंगाने पाण्याच्या दिशेने सरपटत जाते. विद्यार्थिदशेत मी हा भाग केवळ बाणाच्या लांबलचक समासांसाठी वाचला होता. आता वाचते तेव्हा त्या सरपटण्यापाशी थांबते. पक्ष्याला पकडणे म्हणजे काय हे बाणाला पूर्ण ठाऊक होते. आणि तरीही, ही सारी कहाणी ऐकून पिंजऱ्याचे दार उघडावे असे त्या दरबारात कोणाच्या मनात येत नाही. राजा पुढची गोष्ट ऐकायला उत्सुक असतो. वाचकही असतो, मीही होते.

‘शुकबहात्तरी’तही तेच. नवरा परगावी गेलेला, बायको रात्री बाहेर पडू पाहते आणि पिंजऱ्यातला पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला घरात थांबवून ठेवतो. कोंडलेल्याने दुसऱ्याला कोंडून ठेवावे ही कल्पना मोठी चमत्कारिक आहे. पण पोपट गोड बोलतो, म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही. पोपटाचे बोलणे हीच त्याची खरी बेडी असावी, असे मला अलीकडे वाटते. चिमणीला कोणी पिंजऱ्यात ठेवीत नाही. साळुंकीला ठेवतात, कारण तीही शिकविलेले शब्द बोलते.

आता आत्याकडे येते.

आत्या पुण्याला शाळेत शिक्षिका होती. लग्न केले नव्हते. निवृत्त झाल्यानंतर साधारण २००४ साली एक माणूस कापडी पिशवीत पोपटाची पिले घेऊन तिच्या गल्लीत आला. पिसे नीट न फुटलेली तीन पिले होती. एक मरणाच्या वाटेवर होते. आत्याने त्यातले एक घेतले ते पाळण्यासाठी नव्हे. ‘अगं, मी घेतलं नसतं तर मेलं असतं ते,’ असे ती सांगे. हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. दयेपोटी विकत घेतलेल्या पिलाचे पैसे पिशवीवाल्याला मिळतात, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या ढोलीत हात घालतो. ढोलीच्या तोंडाशी हात जात नसेल तर फांदी तोडली जाते. तिथे पुन्हा घरटे होत नाही. पण हातावर धुगधुगणारा जीव असताना एवढा लांबचा विचार करणारी माणसे थोडीच असतात, आणि आत्याला त्याबद्दल मी कधी बोल लावला नाही.

त्याचे नाव तिने बाळू ठेवले. बाळू अडीच-तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या मानेभोवती काळा-गुलाबी कंठ उमटला. ‘कंठ फुटणे’ हा शब्दप्रयोग आपण मुलाचा आवाज फुटतो तेव्हाही वापरतो. पोपटाच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. नराला तो कंठ येतो, मादीला येत नाही. आत्याने पेढे वाटले. तिने त्याचे पंख कधी कापले नाहीत. त्याची गरजच नव्हती. दोन फूट उंचीच्या पिंजऱ्यात पंख पुरते पसरताही येत नाहीत.

बाळूला आत्याने काहीही शिकविले नाही, आणि तो सगळे शिकला. ‘चहा टाकू का?’, ‘दूध उतू गेलं, बाई’, कुकरच्या शिट्टीचा आवाज आणि सर्वांत जास्त म्हणजे ‘आले, आले’. दाराची घंटा वाजली की स्वयंपाकघरातून उठून येताना आत्या हे शब्द उच्चारी. गुडघे धरलेले असल्यामुळे तिला यायला वेळ लागे, म्हणून ती ते दोनदा म्हणे. बाळूही दोनदाच म्हणत असे. त्याचा आवाज तिच्याइतका हुबेहूब होता की पोस्टमन दाराबाहेर पाच-पाच मिनिटे उभा राही.

तिच्या बाल्कनीसमोर एक मोठा पर्जन्यवृक्ष होता. सूर्यास्ताच्या सुमारास तिथे रानपोपटांचे थवे मुक्कामाला येत. पोपट रात्री शेकड्यांनी एकत्र झोपतात. झोपण्यापूर्वी अर्धा तास नुसता गोंधळ. तो थवा आला की बाळू दांडीच्या टोकाला जाऊन उभा राही, अंग बारीक करी आणि झाडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणे, ‘आले, आले!’ एकदा, दोनदा नव्हे, अंधार पडेपर्यंत. आम्ही सगळे हसत असू. आत्या म्हणे, ‘टोमणे मारतोय त्यांना.’

२०२३ च्या जून महिन्यात आत्या गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते, त्यानंतर मी एकटी कपाटे आवरायला राहिले. दुपारी घंटा वाजली आणि आतून आत्याचा आवाज आला, ‘आले, आले.’ हातातली साडी तशीच धरून मी खाली बसले. दारात गॅसवाला होता. तोही घाबरला असावा. त्याने काही विचारले नाही.

बाळूचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या आतेभावाचे, म्हणजे धाकट्या आत्याच्या मुलाचे, म्हणणे स्पष्ट होते: “ताई, तो पक्षी नाहीये, तो मावशीचा आवाज आहे. तू ठेव.” भावाचेही तेच मत. मलाही तसेच वाटत होते. माझे घर मोठे, मी निवृत्त, मिरच्या आणि पेरू देणे कठीण नव्हते. पण निर्णय घेण्याआधी मी कायद्याची चौकशी केली आणि मला कळले की आत्याने एकोणीस वर्षे, कोणताही वाईट हेतू नसताना, गुन्हा केला होता.

तुमच्यासाठी तो कायदा थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ सुशिक्षितांनाही तो ठाऊक नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार आपल्याकडचे पोपट, मुनिया, मैना यांसारखे देशी रानपक्षी पकडता, विकता किंवा घरी बाळगता येत नाहीत. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा आपला नेहमीचा कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला, म्हणजे संरक्षण अधिक कडक झाले. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तर पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत अधिकार आहे, असे मत एका आदेशात नोंदविले होते. गावोगावच्या ज्योतिष्यांच्या पिंजऱ्यांतून चिठ्ठी उचलणारे पोपट आणि गल्लीबोळांतल्या बाल्कन्या पाहिल्या म्हणजे कायदा आणि व्यवहार यांत किती अंतर आहे ते दिसते.

आणि कायद्याचा हात जेव्हा पोहोचतो तेव्हा तो कोणाच्या मानगुटीवर पडतो, हेही पाहिले पाहिजे. पकडला जातो तो पिशवीवाला, फासेपारधी. तित्तिराची हाक काढून त्याला फाशात आणण्याची विद्या ज्या जमातीने पिढ्यानपिढ्या जपली, तिला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगार जमातींच्या चौकटीत ढकलले. १९५२ साली तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. पिले काढणाऱ्याला मारहाण होते आणि ती घेणाऱ्या माझ्या आत्याला सगळे पक्षिप्रेमी म्हणतात. मी आत्याला दोष देत नाही असे वर म्हटले. पण हा हिशेब मांडला की ते म्हणणे मलाच थोडे सोयीचे वाटू लागते.

मला विचारणाऱ्यांत शेजारची एक मुलगीही होती. तिच्याकडे निळ्या-पिवळ्या ‘लव्हबर्ड’ची जोडी आहे. बाजारात आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले, पाण्याच्या शोधात प्रचंड थव्यांनी फिरणारे. १८४० साली जॉन गुल्ड याने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून त्यांच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. त्यांना आपला देशी पक्ष्यांचा कायदा लागू नाही आणि त्यांना पुण्याच्या हवेत सोडणे म्हणजे राघूला सोडण्यासारखेच. “मग मी काय करू?” असे तिने विचारले. मोठा पिंजरा घे, खोलीची दारे-खिडक्या बंद करून, पंखा बंद ठेवून त्यांना रोज उडू दे आणि ही जोडी गेल्यावर नवी आणू नकोस, एवढेच मला सुचले. तिला ते फारसे पटले नाही.

बाळूविषयी मात्र माझा निर्णय होत नव्हता. कायदा कळला होता, पण कायद्याची भीती काही खरी अडचण नव्हती. दोन खोल्यांच्या घरातला म्हातारा पोपट कोण पाहायला येणार? अडचण होती ती आवाजाची. त्या आठवड्यात मी पक्ष्यांच्या आवाजांविषयी मिळेल ते वाचीत होते. आवाज ऐकून नवा आवाज शिकण्याची शक्ती पक्ष्यांत प्रामुख्याने तीन गटांकडे आहे: गाणारे पक्षी, गुंजनपक्षी आणि पोपट. पोपट शिकतो तो आपल्या थव्यासाठी. थव्यात कोण कोठे आहे, कोण आपले आहे, हे ते हाकांनी एकमेकांना कळवितात. व्हेनेझुएलातील चिमणीएवढ्या हिरव्या पोपटांवर झालेल्या संशोधनाची हकिकत २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की आईबाप ढोलीतच प्रत्येक पिलाला एक वेगळी हाक देतात, आणि पुढे ते पिलू तिच्यात थोडा फरक करून तीच स्वतःची म्हणून वापरते. म्हणजे नावच म्हणायचे ते.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. एकट्या पोपटाला थवा नसतो, म्हणून तो ज्यांच्यात राहतो त्यांनाच थवा मानतो आणि त्यांची हाक शिकतो. आम्ही ज्याला बोलणे म्हणत होतो, ज्याची पाहुण्यांपुढे परीक्षा घेत होतो, ती हाक होती. आत्याच्या थव्यात आत्या एकटीच होती. ‘आले, आले’ हे दोन शब्द घरातला कोणीतरी कोणाकडे तरी जाताना उच्चारतो, एवढे त्याला एकोणीस वर्षांत समजले होते. रोज संध्याकाळी पर्जन्यवृक्षावर त्याच्याच जातीचे शेकडो पक्षी येत होते आणि त्यांना साद घालण्यासाठी त्याच्यापाशी एका निवृत्त शिक्षिकेचे मराठी होते. ते त्यांतल्या कोणालाच कळणारे नव्हते. आणि आम्ही बाल्कनीत चहा पीत हसत होतो.

त्याला ठेवून घेण्याचे माझे कारण काय होते? आत्याचा आवाज ऐकावा. त्यासाठी त्याने आणखी दहा वर्षे दोन फुटांत राहून रिकाम्या दाराला उत्तरे द्यावी. पोपट पिंजऱ्यात पंचवीस वर्षे सहज जगतो.

मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. धमकी, दरडावणी असे काही झाले नाही. माझा जबाब लिहून घेतला गेला, मी स्वतःहून पक्षी देत आहे अशी नोंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी बाळूला वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात घेऊन गेले. रिक्षात पिंजऱ्यावर आत्याची शाल टाकली होती. सिग्नलला शालीखालून कुकरची शिट्टी झाली आणि रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले.

तिथल्या डॉक्टर वयाने लहान होत्या. त्यांनी बाळूला टॉवेलात धरून पंख उघडला आणि छातीवर बोट फिरविले. जे स्नायू टणक असायला हवेत ते नव्हतेच. वर्षानुवर्षे सूर्यफुलाच्या बिया, चिवडा आणि चहात बुडविलेले बिस्किट खाऊन यकृत सुजलेले, चोच वाजवीपेक्षा वाढलेली, पोटावरची पिसे त्यानेच उपटलेली. “कंटाळ्यानं करतात,” त्या म्हणाल्या. आत्या मोठ्या प्रेमाने रोज चार वाजता स्वतःच्या बशीतले बिस्किट त्याला भरवी; तेव्हा त्याच्यासाठी ती खास मारी आणीत असे. हे मी डॉक्टरांना सांगितले नाही.

“याला सोडणार का?” मी विचारले.

त्यांनी सरळ सांगितले की तरुण पक्षी असता तर आशा होती. कापलेली पिसे झडून नवी येतात, मोठ्या जाळीघरात इतरांबरोबर उडून अंगात बळ येते, खाणे शोधायला आणि मांजर-ससाण्याला भ्यायला पक्षी शिकतो, आणि मग एकेकटा नव्हे तर सगळा गट मिळून सोडतात. यात महिने जातात. माणसाच्या हातून वाढलेला, एकोणीस वर्षांचा, माणूस दिसला की जवळ येणारा पक्षी सोडला तर तो पहिल्या उघड्या खिडकीत शिरेल. बाळू बहुधा मोठ्या जाळीघरातच राहील. “पण एकटा नसेल,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसू लागल्या.

हौदाच्या कडेची पिसे मला त्या क्षणी आठवली. आम्हां दोघा भावंडांना कोणी महिने थांबायला सांगितले असते, तरी आम्ही थांबलो नसतो. पंधरा ऑगस्ट एकच दिवस असतो. आजही मोठ्या समारंभांत टोपलीतून कबुतरे उडवितात. ती पांढरी कबुतरे संध्याकाळी कोठे जातात ते पाहायला समारंभातले कोणी थांबत नाही.

आत्याचे घर रिकामे केले तेव्हा आतेभावासाठी बाळूचा आवाज मोबाईलवर घेऊन ठेवायचे राहून गेले. माझ्या भाचीच्या फोनमध्ये एका दिवाळीचे चाळीस सेकंदांचे चित्रण सापडले. त्यात सगळेजण हसत आहेत आणि मागे कोठेतरी ‘दूध उतू गेलं, बाई’ असे ऐकू येते. ते आत्या म्हणते आहे की बाळू, हे आम्हांला ठरविता आले नाही.

सहा महिन्यांनी मी केंद्रात गेले. अशा ठिकाणी भेटीला येऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. माणसांची सवय मोडायची असते. मी जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रांची रद्दी देण्याच्या निमित्ताने गेले होते. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला जाळीघरापासून वीसेक पावलांवर, कडुलिंबाच्या आडोशाला उभे केले. “इथनंच बघा, मॅडम,” तो म्हणाला.

आत वीस-पंचवीस पोपट होते. बांबू आडवे-तिडवे बांधलेले, ताज्या फांद्या टांगलेल्या, एका कोपऱ्यात शेंगांची जुडी. काही पक्षी या टोकाहून त्या टोकाला उडत होते, काही चढून जात होते, दोघे एका बांबूवर अंग लावून बसले होते. कंठ असलेले सात-आठ तरी दिसले. मी प्रत्येकाच्या चोचीकडे, पोटाकडे निरखून पाहिले. पोटावर पिसे नसलेला कोणी दिसला नाही. ती पुन्हा आली असतील. जाळी होती, ती विसरण्यासारखी नव्हती.

“बोलतो का तो?” मी हळूच विचारले.

“आला तेव्हा दिवसभर चालायचं, आले आले, आले आले. आम्हीच दाराकडं बघायचो,” तो हसून म्हणाला. “आता नाही बोलत. एक-दोन महिने झाले, ऐकलं नाही.”

संध्याकाळ होत आली होती. केंद्रामागच्या टेकडीवरून रानपोपटांचा एक थवा आला, आणि आतले सगळे पक्षी एकदम ओरडू लागले. तो एकच आवाज होता. त्यातला बाळूचा वेगळा काढता येत नव्हता. मी त्याला एकदा नावाने हाक मारून पाहावी असे ठरवून घरून निघाले होते. मी हाक मारली नाही. टॉवेलांची रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागले.